अमेरिकी कार्टूनमधली कोरियन मालिका कितपत खरी?

‘फॅमिली गाय’ या अमेरिकी कार्टून मालिकेतील ‘कँडी, क्वाहॉग मार्शमॅलो’ हा भाग एका घरात सर्वांनी मिळून पाहिला. वडिलांना तो निखळ विनोदी वाटला; कोरियन मालिका नेमाने पाहणाऱ्या त्यांच्या मुलीला मात्र ती कोरियन लोकांची आणि त्यांच्या मालिकांची हेटाळणी वाटली. कोरियन मालिका खरोखर अशा असतात का, आणि गावातल्या चित्रपट मंडळात हा भाग चर्चेसाठी दाखवणे योग्य ठरेल का, असे त्या वडिलांनी विचारले आहे. परदेशी मालिकांची उपशीर्षके आणि डबिंगचे संवाद लिहिण्याच्या व्यवसायात माझी उमेदीची वर्षे गेली असून त्यातला मोठा वाटा कोरियन मालिकांचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: हा भाग कोरियन मालिकेच्या घडणीतली एक गोष्ट अगदी नेमकी पकडतो, त्यातले बाकीचे बहुतेक विनोद अमेरिकी प्रेक्षकावरच आहेत, आणि कोरियन माणूस त्यात जवळजवळ नाहीच. मुलीचा राग रास्त आहे. फक्त तो मालिकांच्या थट्टेवर न काढता या शेवटच्या गोष्टीवर काढायला हवा.

हा भाग ‘फॅमिली गाय’च्या चौदाव्या हंगामातला असून ३ जानेवारी २०१६ रोजी फॉक्स वाहिनीवर प्रथम दाखवला गेला. पीटर, जो आणि क्लीव्हलंड या तिघांना शोध लागतो की त्यांचा मित्र क्वाग्मायर हा एके काळी ‘विंटर समर’ नावाच्या कोरियन मालिकेत नायक होता. ते ती मालिका पाहू लागतात आणि तिच्यात इतके गुंततात, की शेवटचा भाग हाती लागत नाही म्हटल्यावर तो मिळवण्यासाठी थेट दक्षिण कोरियाची राजधानी सोल गाठतात. तिथे क्वाग्मायरची गाठ सुजिन या जुन्या प्रेयसीशी पडते आणि विझलेले प्रेम पुन्हा धुमसू लागते. ऱ्होड आयलंडमधल्या एका काल्पनिक गावातले बिअर पिणारे मध्यमवयीन पुरुष परक्या भाषेतल्या प्रेमकथेपायी व्याकूळ होतात, हा या भागाचा मुख्य विनोद आहे, आणि तो कोरियावर नाही.

या कथानकाचा सगळा डोलारा ‘शेवटचा भाग’ या कल्पनेवर उभा आहे, आणि नेमके इथेच लेखकांनी गृहपाठ केलेला दिसतो. अमेरिकेतील दुपारच्या कौटुंबिक मालिकांना शेवट असा नसतोच. ‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून चालू आहे. ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, पुढे दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ मध्ये वाहिनीने ती बंद केली तेव्हा थांबली. कथा पूर्ण झाली म्हणून नव्हे, तर प्रेक्षक घटले म्हणून अशा मालिका संपतात. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांचेही तेच आहे: टीआरपी टिकला तर नायिकेच्या नातवंडांपर्यंत कथा लांबते, घसरला तर दोन आठवड्यांत सगळी गुपिते घाईघाईने फोडून निरोप घेतला जातो. त्यामुळे ‘कोरियन सोप ऑपेरा’ म्हटले की अमेरिकी प्रेक्षक काय किंवा मराठी प्रेक्षक काय, आपल्या ओळखीचा साचाच डोळ्यांपुढे आणतो.

कोरियातील सायंकाळची प्रमुख मालिका या साच्यात बसत नाही. ती बहुधा सोळा किंवा वीस भागांची असते, आठवड्यातून लागोपाठ दोन रात्री दाखवली जाते आणि दोन-अडीच महिन्यांत संपते. ती अनेकदा एकाच लेखकाने लिहिलेली असते आणि तिचा शेवट कुठे आहे हे बहुधा पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. लांबी आणि बांधणी पाहता तिचे नाते दैनंदिन मालिकेपेक्षा कादंबरीशी अधिक जवळचे आहे. आमच्या व्यवसायात याचा अनुभव फार लवकर येतो. संवाद लिहिणाऱ्याने पहिला भाग हाती घेण्यापूर्वी शेवटचा वाचलेला असावा लागतो, कारण दुसऱ्या भागात जाता जाता बोललेले एखादे वाक्य पंधराव्या भागात जसेच्या तसे परत येते आणि तेव्हा ते प्रेक्षकाला आठवले नाही तर पूर्ण प्रसंग कोसळतो. म्हणून अशा मालिकेचा शेवटचा भाग हरवणे ही खरोखर आपत्ती असते, आणि तो शोधायला समुद्र ओलांडणारे तीन मित्र हा अतिशयोक्त असला तरी मुळात बरोबर विनोद आहे. एखाद्या अमेरिकी दुपारच्या मालिकेबाबत हेच कथानक रचताच आले नसते.

‘विंटर समर’ या नावातही जाणकाराला ओळखीची खूण सापडते. यून सोक-हो या दिग्दर्शकाने चार ऋतूंवर चार मालिका केल्या: शरदावरची २००० मध्ये, हिवाळ्यावरची ‘विंटर सोनाटा’ २००२ मध्ये, उन्हाळ्यावरची २००३ मध्ये आणि वसंतावरची २००६ मध्ये. पहिलीत रुग्णालयात अदलाबदल झालेल्या दोन मुली आहेत; ‘विंटर सोनाटा’त नायकाची स्मृती जाते, तो दुसऱ्याच नावाने परत येतो आणि अखेरीस त्याची दृष्टीही जाते. जपानच्या एनएचके वाहिनीने २००३ आणि २००४ मध्ये ‘विंटर सोनाटा’ दाखवल्यावर तिचा नायक बे योंग-जून हा तिथल्या मध्यमवयीन स्त्रियांचा लाडका झाला, आणि चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर पर्यटकांची रीघ लागली. मालिकेच्या ओढीने परदेशी प्रेक्षक कोरियात येऊन दाखल होणे हे २०१६ च्या कार्टूनने शोधलेले नव्हते; जपानी प्रेक्षक स्त्रियांनी ते दहा-बारा वर्षे आधीच करून दाखवले होते. कार्टूनच्या लेखकांनी त्या स्त्रियांच्या जागी आपले तीन बाप्ये बसवले, एवढीच त्यांची भर. आणि ती मजेदार आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता या भागात काय नाही, ते पाहू. ‘फॅमिली गाय’चा भाग जेमतेम बावीस मिनिटांचा असतो आणि दर काही क्षणांनी कथा सोडून एखाद्या सुट्या विनोदाकडे उडी मारणे ही त्याची ओळख आहे. कोरियन मालिकेचा भाग तासाभराचा, पुष्कळदा सत्तर मिनिटांचा, आणि तिची ताकद विलंबात आहे. दोन माणसे छत्रीखाली उभी राहतात आणि बोलत नाहीत. मनगट धरले जाते आणि सोडले जाते. पहिला बर्फ पडतो. आदरार्थी बोलणारे दोघे सलगीच्या बोलण्यावर कधी येतात, याची प्रेक्षक कित्येक भाग वाट पाहत असतो. इंग्रजीत ही गंमत उतरवायला जागाच नाही. मराठीत डबिंग करताना मात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर नेमके कोणत्या प्रसंगी यायचे, यावर आम्ही दिग्दर्शकाशी तासन्‌तास वाद घातलेले आहेत. सतत उड्या मारणाऱ्या कार्टूनला हा संथपणा दाखवता येणार नव्हता, म्हणून त्याने रडारड, बटबटीत अभिनय आणि अचानक वळणे एवढेच उचलले.

ते खोटे आहे असे मात्र नाही. कोरियात सोळा भागांच्या मालिकेखेरीज सकाळ-संध्याकाळच्या दैनंदिन मालिकाही असतात, शंभर-सव्वाशे भागांच्या, आणि त्यांतल्या भडक कथानकांना तिथे ‘माकजांग’ म्हणतात. एसबीएस वाहिनीवर २००८-०९ मध्ये दाखवलेल्या ‘टेम्प्टेशन ऑफ वाइफ’ या १२९ भागांच्या मालिकेत मेली असे समजली गेलेली पत्नी डोळ्याजवळ एक तीळ रंगवून परत येते आणि नवरा तिला ओळखत नाही. एमबीसी वाहिनीच्या २०१४ मधल्या एका मालिकेत सासूबाई रागाच्या भरात माजी जावयाच्या तोंडावर किमचीचा, म्हणजे मसाला लावून आंबवलेल्या कोबीचा, गड्डाच हाणतात, आणि ती चित्रफीत कोरियन लोकांनीच आवडीने जगभर पसरवली. श्रीमंत घरची आई मुलाच्या गरीब प्रेयसीपुढे पैशांचे पाकीट सरकवते आणि नकार मिळताच पेल्यातले पाणी तिच्या तोंडावर फेकते, हा प्रसंग तर इतका घासून गुळगुळीत झाला आहे की आता तो बहुतेक थट्टेसाठीच लिहिला जातो.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की कोरियन मालिकांची उत्तम थट्टा कोरियन मालिकांनीच केलेली आहे. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या २०१९-२० मधल्या मालिकेत उत्तर कोरियाचा एक तरुण सैनिक चोरून दक्षिणेकडच्या मालिका पाहतो आणि २००३-०४ मधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या प्रेमात आकंठ बुडालेला असतो. पुढे त्या जुन्या मालिकेची नायिका चोई जी-वू स्वतः त्याच्यापुढे येऊन बसते. मालिकेने गुंगवून टाकलेला, बावळट वाटणारा पुरुष प्रेक्षक ही कल्पना इथे आणि ‘फॅमिली गाय’मध्ये सारखीच आहे. पण तो सैनिक हास्यास्पद असतानाच आपल्याला प्रिय होतो, कारण तो जे आठवतो ते प्रेक्षकालाही आठवत असते. विनोद जोखण्याची माझी पद्धत हीच आहे: हसण्यासाठी प्रेक्षकाला काय ठाऊक असावे लागते? सैनिकाच्या प्रसंगावर नीट हसायला ‘स्टेअरवे टू हेवन’ माहीत असावी लागते, निदान त्या काळच्या मालिकांतले असाध्य आजार आणि स्मृतिभ्रंश तरी. ‘विंटर समर’वर हसायला कोरियन मालिका एकदाही पाहिलेली नसली तरी चालते. ज्याला विषय ठाऊक आहे त्याला काहीही जादा न देणारी थट्टा दुष्ट असेलच असे नाही, पण ती आळशी नक्कीच असते.

एका सुटलेल्या संधीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोरियातील जुन्या प्रमुख वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवण्यास जुलै २०२१ पर्यंत बंदी होती, आणि वस्तू कथेतच दाखवून जाहिरात करण्याची मुभा २०१० पासून मिळाली होती. परिणामी प्रेमभंगाचे दुःख सँडविचच्या ठरावीक दुकानात बसूनच भोगायचे, असा जणू दंडक झाला. ‘फॅमिली गाय’सारख्या जाहिरातींवर तुटून पडणाऱ्या मालिकेला यापेक्षा चांगले सावज मिळाले नसते, ते हुकले, यावरूनच अभ्यास कुठपर्यंत झाला होता हे कळते.

आता माणसांकडे वळतो, कारण आक्षेपाला खरी जागा तिथे आहे. सुजिन ही क्वाग्मायरच्या भूतकाळाची आठवण म्हणून येते. तिचे काम, तिचे घर, तो निघून गेल्यानंतरची तिची वर्षे यांत कथेला रस नाही. सोल शहर हे अमेरिकी माणसाच्या भावनिक साहसाची पार्श्वभूमी आहे. ही सवय एका भागापुरती नाही. याच मालिकेत ट्रिशिया ताकानावा ही वार्ताहर ‘आशियाई वार्ताहर’ अशीच ओळख करून दिली जाई आणि तिला आवाज ॲलेक्स बोर्स्टीन या गोऱ्या अभिनेत्रीचा होता. विनोद अमेरिकी वृत्तवाहिन्यांच्या दिखाऊ विविधतेवर आहे, असा बचाव करता येतो आणि तो पूर्णपणे पोकळही नाही. तरी कोणत्याही आशियाई देशाबद्दलचा कोणताही समज तिच्या गळ्यात अडकवता येत होता, हे उरतेच.

तुलनेसाठी ‘किंग ऑफ द हिल’ ही दुसरी अमेरिकी कार्टून मालिका पाहावी. तिच्या १९९७ मधल्या पहिल्याच हंगामात टेक्सासमधले शेजारी लाओसहून आलेल्या कानला विचारत राहतात की तू चिनी की जपानी, आणि तो लाओसचा नकाशा समजावून थकतो. इथे हसे होते ते विचारणाऱ्यांचे, आणि कान स्वतः आढ्यताखोर, चिडका, मानी असा पुरता माणूस आहे. तरीही त्याचा आवाज गोऱ्या नटाचा होता; २०२५ मध्ये मालिका परत आली तेव्हा तो रॉनी चेंग या आशियाई वंशाच्या विनोदकाराकडे गेला. भारतीय प्रेक्षकाला हा प्रश्न परका नाही. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू कित्येक वर्षे हँक अझारिया या गोऱ्या नटाच्या आवाजात बोलत होता, हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराच्या २०१७ च्या माहितीपटानंतर वाद पेटला आणि २०२० मध्ये अझारिया त्या भूमिकेतून बाजूला झाले. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना शाळेत अपूच्या सुरात चिडवले जाई, तेव्हा इकडे आपण तोच कार्यक्रम निवांत हसत पाहत होतो. थट्टा दूरच्या प्रेक्षकाला लागत नाही. तिथल्या वर्गात बसलेल्या मुलाला लागते. कोरियन-अमेरिकी प्रेक्षकाला ‘फॅमिली गाय’ का बोचत असेल, हे समजायला एवढे पुरे.

‘द सिम्प्सन्स’नेही मार्च २०१९ मध्ये ‘ई माय स्पोर्ट्स’ या भागात सोल गाठले. सिम्प्सन कुटुंबातला मुलगा बार्ट व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी तिथे जातो, आणि ही निवड योग्य आहे, कारण १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’ या गेमनंतर अशा स्पर्धांना प्रेक्षकांनी भरलेली सभागृहे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या मिळवून देण्यात कोरिया सर्वांत पुढे होता. पण त्याची बहीण लिसा हिला जोग्येसा मंदिरात जे पाहायला मिळते ते वाळूचे मंडल, म्हणजे मूळ तिबेटी परंपरेतला विधी. जोग्येसा हे कोरियातील ध्यानमार्गी बौद्ध संप्रदायाचे मुख्य मंदिर आहे आणि त्याची स्वतःची उपासनापद्धती आहे. खेळाचे बारकावे अचूक आणि धर्माचे ढोबळ, हा फरक लेखकांना कशात रस होता ते सांगून जातो.

या साऱ्यात एक उपरोध असा आहे, की या कार्टूनांची चित्रे बहुतांशी कोरियातच काढली जातात. पटकथा, आवाजांचे ध्वनिमुद्रण आणि दृश्यांचे आराखडे लॉस एंजेलिसमध्ये तयार होतात. मधल्या हालचालींची हजारो चित्रे, रेषांची सफाई आणि रंगकाम सोलमधल्या कंपन्यांकडे जाते. ‘द सिम्प्सन्स’चे हे काम आरंभापासून नेल्सन शिन यांच्या एकॉम या कंपनीने केले, ‘फॅमिली गाय’साठी येरिम, सनवू आणि डिजिटल ईमेशन या कोरियन कंपन्या राबल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये बँक्सी या चित्रकाराने ‘द सिम्प्सन्स’च्या एका भागासाठी सुरुवातीची चित्रफीत रचली, तीत आशियाई कामगार अंधाऱ्या तळघरात ओळीने बसून चित्रे रंगवताना दाखवले होते. तीही सोलमध्येच चितारली गेली, आणि आपल्या उद्योगाचे हे चित्र नेल्सन शिन यांनी उघडपणे नापसंत केले. शोषणाविरुद्धच्या त्या व्यंगचित्राने कोरियन चित्रकाराला बळी म्हणून दाखवले, कुशल कारागीर म्हणून नव्हे. आणि ते दाखवण्याचे कामही त्यालाच दिले. ‘फॅमिली गाय’ने कोरियात पाऊल टाकले तेव्हा या नात्यावर एक धारदार विनोद सहज करता आला असता. सुजिनच्या प्रेमकथेपेक्षा मला तो पाहायला जास्त आवडला असता.

चित्र पालटल्याचे उदाहरण म्हणजे २०२५ चा ‘केपॉप डेमन हंटर्स’ हा चित्रपट. निर्मिती अमेरिकेतल्या सोनी पिक्चर्स ॲनिमेशनची, दिग्दर्शन मॅगी कांग आणि ख्रिस ॲपलहान्स यांचे; कांग यांचा जन्म सोलचा आणि बालपण टोरंटोतले. गंमत म्हणजे या खेपेस विषय कोरियन असून ॲनिमेशनचे काम कॅनडात झाले. त्यात नायक-नायिकेची रस्त्यावरची टक्कर मंद गतीत आणि सूचक संगीतासह येते, आणि ती थेट कोरियन मालिकांची नक्कल आहे. देखण्या तरुणाला पाहून मुलींच्या डोळ्यांच्या जागी आधी मक्याची कणसे आणि मग फुटलेल्या लाह्या दिसतात. नायकाला आवाज आन ह्यो-सोप या कोरियन मालिकांतल्याच लोकप्रिय नटाचा आहे. वाघ आणि मॅगपाय पक्ष्याची जोडी जुन्या कोरियन लोकचित्रांतून आलेली आहे, आणि जेवणाच्या काड्या आणि चमचे ठेवण्यापूर्वी टेबलावर कागदी रुमाल अंथरण्याची तिथली सवयदेखील न बोलता दिसते. कोरियन प्रेक्षक इथे आधी हसतो आणि बाकीचे त्याच्यामागून.

नऊ वर्षांत एवढा फरक का पडला, याचे कारण केवळ सद्‌भावना नाही. ‘फॅमिली गाय’चा तो भाग दाखवल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, ६ जानेवारी २०१६ रोजी, नेटफ्लिक्सने दक्षिण कोरिया आणि भारतासह शंभराहून अधिक देशांत एकाच वेळी सेवा सुरू केली. तोवर अमेरिकेत कोरियन मालिका पाहणारे लोक छोट्या खास संकेतस्थळांवर विखुरलेले होते, आणि ‘कोरियन मालिकेचे वेड’ हे ऐकूनच सर्वसाधारण प्रेक्षकाला हसू येई. २०२१ च्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेनंतर ते हसू उरले नाही, पाहणारेच इतके वाढले की माहीतगार विनोदाला बाजार मिळाला. पीटर आणि त्याच्या मित्रांची कोरियन मालिकेपायी झालेली अवस्था आज कोणाला विचित्र वाटणार नाही, म्हणून तो भाग आज जुना वाटतो.

चित्रपट मंडळापुरते सांगायचे तर हा भाग जरूर दाखवावा, पण एकटा नको. आधी ‘विंटर सोनाटा’चा पहिला भाग पूर्ण दाखवावा, मग हे कार्टून, आणि वेळ उरल्यास ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधले सैनिकाचे प्रसंग. संचालन मुलीकडे सोपवल्यास उत्तम, कारण सभागृहात मूळ मालिका पाहिलेली बहुधा तीच असेल. एक सूचना मात्र ठळकपणे छापावी: कार्टून दिसत असले तरी ‘फॅमिली गाय’ हा प्रौढांचा कार्यक्रम आहे आणि क्वाग्मायर या पात्राचे जवळजवळ सगळे विनोद लैंगिक आहेत, तेव्हा लहान मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना ते आधीच कळलेले असावे.